पोषण आणि व्यायामाच्या सत्राआधी: तयारीची यादी

कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी आहाराचं सत्र ठरलं की पहिली धाव तक्ते आणि पत्रकांकडे जाते. ती सर्वांत शेवटी छापा. आधी आठ-दहा घरांशी बोलून घ्या: शेगडी एक की दोन, फ्रिज आहे का, पाणी साठवून वापरावं लागतं का, सामान रोजचं रोज येतं की महिन्याचं एकदम, स्वयंपाक कोण करतं आणि सामानाचे पैसे कोणाच्या हातात असतात. शेवटचे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा, कारण बरेचदा ती दोन वेगळी माणसं असतात आणि सत्राला त्यांतलं एकच येतं. ही चौकशी न करता निवडलेली पाककृती हमखास फसते. तिला मिक्सर लागतो, किंवा एखादा जिन्नस पाकीटभर आणून चमचाभरच वापरायचा असतो. घरी जाऊन ती कोणी करत नाही आणि दोष मात्र ‘लोकांना समजतच नाही’ यावर ढकलला जातो.

एका सत्रात एकच विषय घ्या. तास-सव्वातासात मीठ, साखर, बाळाचा वरचा आहार आणि रक्तवाढ असं सगळं कोंबलं तर घरी काहीच पोचत नाही. १५ ते २० जण पुरेत. त्याहून जास्त झाले तर मागच्यांना पातेलं दिसत नाही. वेळ ठरवताना कामाच्या पाळ्या, शाळा सुटणं आणि पगाराचा दिवस बघा. महिनाअखेरीला ‘काय विकत घ्यावं’ हा विषय नको, तेव्हा उरलेल्या सामानात भागवायचं कसं हा विषय चालतो. मुलं सोबत येणारच, तेव्हा एक कोपरा, एक सतरंजी आणि सांभाळायला एक माणूस आधीच नेमा. हे राहिलं की निम्म्या आया दाराशी उभ्या राहून ऐकतात.

आकडे सांगायचे तर ते घरातल्या भांड्यात बसवून सांगा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरतं, म्हणजे सपाट चहाचमचाही पूर्ण नाही. पण स्वयंपाक चमच्याने मोजून कोणी करत नाही. त्यापेक्षा पाकिटाचा हिशेब करायला लावा: एक किलोचं पाकीट किती दिवस जातं आणि खाणारे किती? पाच मोठ्या माणसांच्या घरात ते ४० दिवस गेलं तर माणशी ५ ग्रॅम होतात, २० दिवसांत संपलं तर १०. बाहेरच्या आणि पाकिटातल्या खाण्यातलं मीठ यात धरलेलं नाही हे लगेच सांगून टाका, नाहीतर ४० दिवसवाले निर्धास्त होतात. हाच हिशेब तेलालाही लागू पडतो. सत्राच्या आमंत्रणातच ‘मिठाचं पाकीट कधी फोडलं ते आठवून या’ असं कळवलं तर वर्गात अंदाजपंचे उत्तरं येत नाहीत.

साखर विषय असेल तर गोड पेयाची रिकामी बाटली, साखर, चमचा आणि पारदर्शक पेला न्या. लेबलवर बहुधा १०० मिलीलीटरमागे साखर दिलेली असते. समजा ती ११ ग्रॅम आहे आणि बाटली ५०० मिलीलीटरची, तर बाटलीत ५५ ग्रॅम झाली. सपाट चहाचमच्यात साधारण ४ ग्रॅम मावते, म्हणजे जवळजवळ १४ चमचे. हे चमचे एकेक करून पेल्यात टाकायचे ते समोरच्यांपैकी कोणीतरी, आपण नाही. चमचा आधी घरी वजनकाट्यावर तपासा, शिगेचा चमचा टाकला तर आकडा चुकतो आणि एखादा हुशार मुलगा तो पकडतोच. लेबल वाचायला शिकवताना दोनच गोष्टी दाखवा: घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, आणि ‘एका वाढणीत’ दिलेला आकडा अख्ख्या पाकिटाचा नसतो.

भावांची तुलना करणार असाल तर भाव त्याच आठवड्यात, आणि ही कुटुंबं जिथून खरंच घेतात तिथून टिपून आणा. जुना भाव फळ्यावर लिहिला की पुढचं कोणी ऐकत नाही. तुलना पाकिटाची नको, १०० ग्रॅमची करा, आणि साल, बिया, हाडं वजा करून खाण्याजोगा भाग किती उरतो तेही धरा. मोठं पाकीट स्वस्त पडतं हे त्यांना आपल्याआधी माहीत असतं. एकदम तेवढे पैसे हातात नसतात, एवढंच.

स्वयंपाकाच्या प्रात्यक्षिकाला तयारीचा सर्वांत मोठा वाटा लागतो. चवीपुरतं माणशी ४० ग्रॅम धरा, २० जणांना ८०० ग्रॅम, आणि मुलांसाठी नि सांडलवंडीसाठी थोडं वाढवून एक किलो तयार पदार्थ. सुकं कडधान्य शिजून साधारण अडीचपट होतं, तेव्हा भाज्या घालून करायचं असेल तर २५० ते ३०० ग्रॅम पुरतं. ते आदल्या रात्री आठ ते बारा तास भिजत घालायला हवं. ‘सकाळी बघू’ म्हटलं की सत्र बुडालंच समजा. तीन भांडी मांडा: एकात भिजलेलं, एकात शेगडीवर चढलेलं, एकात आधीच शिजवून आणलेलं. चव तिसऱ्यातूनच द्या. राजमा असेल तर हे आणखी कडक पाळा, कारण अर्धवट शिजलेल्या राजम्याने उलट्या-जुलाब होतात. त्याचं भिजवलेलं पाणी ओतून द्या आणि ताज्या पाण्यात खळखळ उकळून पूर्ण मऊ करा. सोबत लागेल ते असं: झाकणाचं पातेलं, सुरी दोन, कच्च्या मांसाला वेगळा पाट, काडेपेटी, हात धुवायला पाणी नि साबण, कचऱ्याला पिशवी, वाट्या-चमचे २५. कोणाला कशाची ॲलर्जी आहे का हे चव देण्याआधी मोठ्याने विचारा. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे देऊ नका, घशात अडकतात. वर्षाखालच्या बाळाला मध नाही.

हालचालीचा भाग १० ते १५ मिनिटांचा ठेवा आणि अंगावरच्या कपड्यांत, चपला काढून जमेल असाच निवडा. जागेवर चालणं, भिंतीला हात टेकून ढकलणं, टाचा उचलणं, खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, एवढं पुरतं. खुर्ची भिंतीला टेकलेली, बिनचाकाची. प्रत्येकाला दोन्ही हात पसरता येतील एवढी जागा आहे का ते आधी स्वतः उभं राहून बघा. सुरू करण्याआधी छातीत दुखणं, चक्कर, गरोदरपण, सांधेदुखी आणि साखरेची औषधं यांबद्दल विचारा, पण चारचौघांत नको, दाराशी नाव लिहितानाच. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम लागला की मध्यम श्रम झाले.

मोठ्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारी हालचाल, तर ५ ते १७ वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं, ही जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची शिफारस आहे. तीत कामावरची, घरातली आणि पायी येण्याजाण्यातली हालचालही मोजली जाते. म्हणून दिवसभर ओझी वाहणाऱ्याला ‘रोज चाला’ सांगणं बरं दिसत नाही. त्याच्यासाठी वजन उचलण्याची पद्धत आणि पाठ मोकळी करणं ठेवा. बसून शिवणकाम करणाऱ्याला मात्र अधूनमधून उठायला सांगणं योग्यच.

लोकांची वजनं सर्वांसमोर करू नका. पुढच्या वेळी तीच माणसं येत नाहीत.

परिणाम बघायला छापील प्रश्नावली नको, काहींना वाचता येत नाही आणि ते सांगायला संकोचतात. दोन डबे ठेवा, एकावर ‘हो’ची खूण, एकावर ‘नाही’ची, आणि प्रत्येकाच्या हाती एक कडधान्याचा दाणा. ‘गेल्या आठवड्यात जेवताना वरून मीठ घेतलं का?’ असा सवयीचा प्रश्न विचारा. ‘जास्त मीठ वाईट का?’ याला सगळे बरोबरच उत्तर देतात. डबे आडोशाला ठेवा, शेजारणीकडे बघून दाणा पडतो. तोच प्रश्न तीन-चार आठवड्यांनी पुन्हा विचारायचा आहे, म्हणून त्या भेटीची तारीख पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहा. फोटो काढायचे असतील तर परवानगी आधी घ्या. उरलेला शिजलेला पदार्थ शिजवल्यापासून दोन तास बाहेर राहिला असेल तर बांधून देऊ नका, कितीही आग्रह झाला तरी. द्यायचंच असेल तर उरलेलं कोरडं कडधान्य द्या.