इंग्रजी वाक्प्रचारांच्या जन्मकथा सांगताना या चुका टाळा

माणसाच्या स्वभावावरचे इंग्रजी वाक्प्रचार शिकवताना त्यामागची गोष्ट सांगायची पद्धत आहे, आणि ती चांगलीच आहे. गोष्टीमुळे वाक्प्रचार लक्षात राहतो. अडचण अशी की यातल्या बऱ्याच गोष्टी वाक्प्रचार रूढ झाल्यावर कुणीतरी मागाहून जुळवलेल्या असतात. त्या व्हॉट्सॲपवरून वर्गात येतात, तिथून मुलांच्या वहीत उतरतात, आणि एकदा वहीत गेलेलं सहसा कुणी तपासत नाही. भाषेवर प्रेम असेल तर इथे काटेकोर व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

खरी घटना सापडली म्हणजे उगम सापडला, असं समजणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि तिचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे 'मॅड ॲज अ हॅटर', म्हणजे ठार वेडा. गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते: टोप्या बनवणारे कारागीर पाऱ्यामुळे वेडे व्हायचे, म्हणून हा वाक्प्रचार आला.

यातला पारा अगदी खरा आहे. सशाच्या किंवा बीव्हरच्या केसांचं फेल्ट, म्हणजे टोप्यांचं दाबून केलेलं जाड कापड, बनवताना केस एकमेकांत घट्ट गुंतावेत म्हणून कातड्याला पाऱ्याच्या नायट्रेटचं द्रावण लावत. त्याच्या वाफा कोंदट कारखान्यांत वर्षानुवर्षं कामगारांच्या छातीत जात. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातलं डॅनबरी हे टोप्यांचं गाव. तिथल्या कामगारांच्या कंपाला 'डॅनबरी शेक्स' असं नावच पडलं होतं. अमेरिकेत टोप्यांच्या फेल्टमधला पारा बंद व्हायला १९४१ उजाडलं. या माणसांनी जे सोसलं ते विसरता कामा नये.

पण वाक्प्रचाराचा उगम हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्यासाठी तारखा बघाव्या लागतात. हा वाक्प्रचार १८२९ मध्ये 'ब्लॅकवुड्स एडिनबरा मॅगझिन'मधल्या एका संवादात छापलेला सापडतो. तिथे एक पात्र भलतंसलतं बरळत असतं आणि दुसरं त्याला हे विशेषण लावतं. पुढे १८३० च्या दशकात कॅनडातल्या थॉमस हॅलिबर्टन यांच्या लेखनात तो रागाने लाल झालेल्या बाईबद्दल येतो. आता पाऱ्याच्या विषबाधेची लक्षणं पाहा. हात कापतात, माणूस अतिशय बुजरा होतो, लोकांसमोर यायला घाबरतो, कुणी बघत असलं की त्याला काम जमत नाही. बरळण्याशी हे नीट जुळत नाही; टीका झाली की एकदम भडकणं मात्र या आजारातही दिसतं. शिवाय टोपी कामगारांच्या या आजाराचं जे. ॲडिसन फ्रीमन या डॉक्टरने न्यू जर्सीत केलेलं वर्णन १८६० चं आहे, म्हणजे वाक्प्रचार छापला गेल्यानंतर तीस वर्षांनी.

म्हणून पारा हे कारण असूच शकत नाही, असंही ठरत नाही. डॉक्टरांनी लिहून ठेवण्याआधी कामगारांना आपला आजार माहीत असणारच. फक्त कार्यकारणाचा दुवा सिद्ध झालेला नाही, आणि वर्गात तेवढंच सांगावं: 'पाऱ्याचा त्रास खरा होता, वाक्प्रचार त्यातूनच आला का, यावर वाद आहे.' दहावीच्या मुलाला हे सहज कळतं.

याला जोडून आणखी एक चूक होते. हा वाक्प्रचार लुईस कॅरलच्या ॲलिसच्या गोष्टीतून आला असं सांगतात. ते पुस्तक १८६५ चं आहे, त्यामुळे हा प्रश्न तिथेच मिटतो. त्या पुस्तकात 'मॅड हॅटर' असं नावही नाही. पात्राचं नाव नुसतं 'हॅटर' आहे.

नाव जुळलं की माणूस पकडणं

अस्सल माणसाला किंवा वस्तूला 'द रिअल मकॉय' म्हणतात. याचं श्रेय बहुधा इलायजा मकॉय यांना दिलं जातं. त्यांचे आईवडील केंटकीतल्या गुलामगिरीतून निसटून कॅनडात गेले होते. इलायजा यांनी स्कॉटलंडमध्ये अभियांत्रिकीचं शिक्षण घेतलं, पण मिशिगनमध्ये वर्णामुळे त्यांना रेल्वेत कोळसा टाकण्याचं काम करावं लागलं. तिथे त्यांनी वाफेच्या इंजिनाला आपोआप तेल पुरवणारं यंत्र तयार केलं. त्याचं पेटंट १८७२ चं. नकली यंत्रं नकोत म्हणून खरेदीदार मकॉयचंच मागत, अशी गोष्ट आहे. दुसरे दावेदार १८९० च्या दशकातले मुष्टियोद्धे किड मकॉय.

मात्र 'द रिअल मकाय' हे स्कॉटिश रूप १८५६ मध्येच एका कवितेत चांगल्या दारूबद्दल आलेलं आहे. तेव्हा इलायजा बारा वर्षांचे होते आणि किड मकॉय जन्मलेही नव्हते. 'मकाय'चं 'मकॉय' होताना अमेरिकेतल्या एखाद्या प्रसिद्ध नावाने हातभार लावला असेल, एवढी शक्यता उरते. मला इथे एक गोष्ट महत्त्वाची वाटते. इलायजा मकॉय यांचं कर्तृत्व वाक्प्रचारावर अवलंबून नाही. त्यांची ओळख मुलांना जरूर करून द्या, पण त्यांच्या कामामुळे.

वाक्प्रचारातलं क्रियापद न बघणं

'कोल्ड शोल्डर' म्हणजे तुटकपणे वागणं. नकोशा पाहुण्याला गरम जेवणाऐवजी मेंढ्याच्या खांद्याचं थंड मांस वाढत, अशी गोष्ट फिरते. वॉल्टर स्कॉट यांच्या १८१६ च्या 'द अँटिक्वेरी' या कादंबरीतला उल्लेख उघडून पाहा. तिथे एक सरदारीण नावडत्या व्यक्तीला थंड खांदा 'दाखवते'. ना ताट, ना मांस. पाठमोरं होण्याची ती साधी कृती वाटते. गोष्ट पटली की नाही हे ठरवण्याआधी जुन्या वाक्यात खांद्याचं काय केलंय ते वाचलं, तर अर्धं काम होतं.

बोलणारा कोण, हे विसरणं

मनात काही न ठेवणाऱ्या माणसाबद्दल म्हणतात की तो काळीज बाहीवर लावून फिरतो ('वेअर युअर हार्ट ऑन युअर स्लीव्ह'). याला सरदारांच्या द्वंद्वात प्रेयसीचा रुमाल दंडावर बांधण्याची गोष्ट जोडतात. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'त हे शब्द आहेत, आणि ते येतात त्या प्रसंगात प्रेयसीचा रुमालही नाही, द्वंद्वही नाही. बोलणारा इयागो आहे, नाटकातला सगळ्यात कपटी माणूस. मी असं केलं तर कावळे येऊन टोचतील, असं तो म्हणतो, आणि लगेच सांगतो की मी दिसतो तसा नाही. वाक्प्रचाराचा आजचा अर्थ आणि हा प्रसंग शेजारी ठेवून शिकवले, तर रुमालाच्या गोष्टीची उणीव कुणाला भासणार नाही.

सगळंच खोटं ठरवणं

दोनचार गोष्टी फसव्या निघाल्या की काही जण दुसऱ्या टोकाला जातात. काही उगम मात्र पक्के आहेत. दुसऱ्यांचा दोष ज्याच्या माथी येतो तो 'स्केपगोट'. हा शब्द विल्यम टिंडेल यांनी १५३० मध्ये बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांचं भाषांतर करताना घडवला. लेवीय पुस्तकात दोन बकऱ्यांचा विधी आहे. एक बळी दिला जातो, दुसऱ्यावर लोकांची पापं ठेवून त्याला रानात सोडतात. तिथला 'अझाझेल' हा हिब्रू शब्द टिंडेल यांनी 'निसटून जाणारा बकरा' असा वाचला. अनेक अभ्यासक ते एका रानभूताचं नाव मानतात. १८८५ च्या सुधारित इंग्रजी भाषांतरात 'अझाझेल' हेच नाव ठेवलं गेलं, पण तोवर टिंडेल यांचा शब्द माणसांसाठी रुळून गेला होता.