कस्टम रॉमच्या वाटेला जाण्याआधी एक बटण पाहा

कंपनीचा अपडेट येत नाही म्हणून लिनिएजओएससारखी कस्टम रॉम (कंपनीऐवजी इतरांनी बनवलेली अँड्रॉइडची आवृत्ती) टाकायला बसावे आणि अर्धी रात्र गेल्यावर बूटलोडर (फोन सुरू होताना अँड्रॉइड चालू करून देणारा, कुलूपबंद असलेला प्रोग्रॅम) उघडतच नाही असे कळावे, हा मनस्ताप टाळता येतो.

प्रथम सेटिंग्जमध्ये ‘गूगल प्ले सिस्टीम अपडेट’ शोधून तो करून घ्यावा. अँड्रॉइड १० किंवा त्यापुढील आवृत्तीसह विकल्या गेलेल्या फोनवर सुरक्षेचे काही भाग कंपनीची वाट न पाहता याच मार्गाने येतात. कित्येकांचे काम एवढ्यावरच भागते.

न भागल्यास ‘अबाउट फोन’मधील बिल्ड नंबरवर ७ वेळा टिचकी मारावी आणि उघडलेल्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये बूटलोडर उघडण्याची परवानगी देणारे ‘ओईएम अनलॉकिंग’चे बटण पाहावे. ते फिकट दिसत असेल, तर फोन इंटरनेटला जोडून पुन्हा पाहावे. तरीही दाबले जात नसेल, तर बेत सरळ सोडून द्यावा. दाबले गेले, तर आपले नेमके मॉडेल त्या रॉमच्या यादीत आहे का ते तपासावे, कारण ‘नोट’ची रॉम ‘नोट प्रो’ला चालेलच असे नाही.

बूटलोडर उघडताच फोनमधील सर्व काही पुसले जाते आणि पुढे बँकेची व यूपीआयची काही ॲप्स चालण्यास नकार देऊ शकतात, तेव्हा हा प्रयोग कपाटातल्या जुन्या फोनवरच करावा.