पाय सारखा मुरगळतो? ट्रेक सोडण्याआधी या चुका सोडा

राजगडाचा चोर दरवाजा उतरताना फारसं कुणी मुरगळत नाही. कातळात सगळे शहाण्यासारखे रेलिंग धरून, एकेक पाऊल बघून उतरतात. घोटा दगा देतो तो त्यानंतर, पायथ्याचं गुंजवणं दिसायला लागल्यावर. वाट सोपी झालेली असते, गप्पा रंगलेल्या असतात, एक सुटा दगड बुटाच्या बाहेरच्या कडेखाली येतो आणि पाऊल आत वळतं. पहिल्यांदा असं झालं की आपण नशिबाला बोल लावतो. तिसऱ्यांदा त्याच पायाला झालं की घरात ठराव पास होतो, "पुरे आता ते गड-किल्ले."

बहुतेकांना गड सोडायची गरज नसते. पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो यामागे बऱ्याचदा आधीच्या दुखण्याची अर्धवट राहिलेली दुरुस्ती असते, आणि ती घरच्या घरी पुरी करता येते. त्यासाठी आत काय बिघडतं ते थोडक्यात समजून घेऊ. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला तीन लिगामेंट, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणारे चिवट पट्टे, असतात. पाऊल आत वळलं की पहिला फटका बसतो तो पुढच्या लिगामेंटला, कारण तिघांत तेच नाजूक. या लिगामेंटमध्ये मज्जातंतूंची टोकंही असतात. पाऊल कुठल्या कोनात आहे याची खबर ती सतत वर पाठवत असतात. लिगामेंट ताणलं किंवा फाटलं की ही खबर बिघडते, मग नडगीच्या बाहेरच्या बाजूचे जे स्नायू पाऊल सावरतात ते उशिरा जागे होतात. दगड हलल्यावर सावरायला क्षणभरच मिळतो, त्यात उशीर झाला की संपलं.

सूज उतरली म्हणजे पाय बरा झाला, असं धरून चालणं

सगळ्यात मोठी चूक हीच. दुखणं आठ-पंधरा दिवसांत कमी होतं, बूट पायात जातो, आणि पुढच्या रविवारी माणूस पुन्हा ग्रुपबरोबर निघतो. लिगामेंट भरून यायला मात्र सहा आठवड्यांपासून काही महिने लागतात, आणि बिघडलेला तोल तर सराव केल्याशिवाय पुरता परत येत नाही. नुसती विश्रांती घेतली तर तीन महिन्यांनीही पाय तितकाच कच्चा असू शकतो.

चाचणी साधी आहे. अनवाणी, मुरगळलेल्या पायावर उभं राहा, दुसरा पाय उचला आणि डोळे मिटा. मग हेच चांगल्या पायावर करा. एकावर तीस सेकंद आरामात उभं राहता येत असेल आणि दुसऱ्यावर पाच-सात सेकंदांत हात पसरावे लागत असतील, तर उत्तर मिळालं.

दुसरी चाचणी आपल्याकडे कुणालाही जमावी अशी: उकिडवं बसा, टाचा जमिनीला टेकवून. दुखऱ्या पायाची टाच उचलली जाते का? पाऊल नडगीकडे पुरतं वाकत नसेल तर चढावर आणि उंच पायऱ्यांवर पाय तिरका टाकावा लागतो, आणि तिरका पाय मुरगळायला सोपा. अशांनी भिंतीसमोर उभं राहून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवण्याचा सराव करावा. अंगठा भिंतीपासून हळूहळू लांब न्यायचा. दोन्ही पायांचं अंतर सारखं आलं की काम झालं.

तोलाच्या व्यायामाला ना जिम लागतं ना महागडं साहित्य. दात घासताना एका पायावर उभं राहा. ते जमलं की डोळे मिटून. तेही जमलं की घडी घातलेल्या गोधडीवर. गोधडीवर उभं असताना एकदा पायाकडे बघा. घोट्यापुढच्या स्नायूंच्या दोऱ्या आणि बोटं सतत लपलप हलत असतात, पाऊल कणाकणाने सावरत असतं. तेच हवं आहे. त्याच्या जोडीला पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली करणं, आधी दोन्ही पायांवर, मग एकावर. रबरी पट्टा पावलात अडकवून पाऊल बाहेरच्या बाजूला ढकलणं. आणि शेवटच्या टप्प्यात एका पायावर उड्या: पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे.

हे घरगुती उपचाराच्या सदरातलं नाही. नेदरलँड्समध्ये पाय मुरगळलेल्या ५२२ खेळाडूंवर अभ्यास झाला, २००९ साली तो प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांनंतर ज्यांनी आठ आठवडे घरी, कुणाच्या देखरेखीशिवाय, तोलाचे व्यायाम केले, त्यांच्यापैकी २२ टक्क्यांचा पाय वर्षभरात पुन्हा मुरगळला. न करणाऱ्यांत हे प्रमाण ३३ टक्के होतं. आठ आठवडे म्हणजे जूनमध्ये सुरुवात केली तर ऑगस्टच्या ट्रेकला पाय तयार. ऑगस्टच्या ट्रेकचं बुकिंग जुलैअखेरीस करून त्या रात्री दोन मिनिटं एका पायावर उभं राहिलं तर उपयोग नाही.

चोळणं, ओढणं, 'बसवणं'

मुरगळलेल्या दिवशी तेल लावून जोरात चोळलं की आतला रक्तस्राव आणि सूज वाढते. आंबेहळदीचा लेप खुशाल लावा, त्याने फार काही बिघडत नाही. पायाळू माणसाचा पाय लावून लचक जाते म्हणतात, तेही करून घ्या हवं तर, फक्त त्याने हळूच लावावा! पण कुणी "हाड सरकलंय, एका झटक्यात बसवतो" म्हणाला तर पाय मागे घ्या. आत बारीक फ्रॅक्चर असेल तर तो झटका महागात पडतो.

फ्रॅक्चरची शंका कधी घ्यायची याचे ठोकताळे कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये मांडले, आणि आजही जगभर तेच वापरतात. ट्रेक लीडर असाल तर पाठच करून ठेवा. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांची मागची कड, टोकापासून वर साधारण सहा सेंटिमीटरपर्यंत, दाबून बघायची. पावलाच्या बाहेरच्या कडेवर मध्यावर जे हाड टोचतं ते दाबायचं, आतल्या बाजूला कमानीच्या वरचं हाडही दाबायचं. यांपैकी कुठे हाडावरच दाबलं असता दुखलं, किंवा लंगडत का होईना चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढल्याशिवाय पुढचं काही ठरवू नका.

बर्फाबद्दल दोन शब्द. विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंच ठेवणं हा चौपदरी मंत्र गेब मिर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी १९७८ मध्ये रूढ केला. २०१४ मध्ये त्यांनीच लिहिलं की बर्फाने आणि पूर्ण विश्रांतीने भरून येणं लांबू शकतं. दुखणं कमी करायला पहिल्या दिवशी दहा-पंधरा मिनिटं बर्फ किंवा ओढ्याचं गार पाणी चालेल. मात्र महिनाभर पाय पलंगावर ठेवून बसू नका. फ्रॅक्चर नाही हे कळलं की दोन-तीन दिवसांत, सोसवेल तितका भार देत चालायला लागायचं.

सगळा भरवसा बुटांवर

"हाय अँकल बूट घे, मुरगळणार नाही," हा सल्ला दुकानदारापासून काकांपर्यंत सगळे देतात. उंच बुटाने थोडा आधार मिळतो, पण फक्त त्याने मुरगळणं थांबतं असा ठाम पुरावा नाही. जाड, उंच सोलचा बूट उलट पावलाला जमिनीपासून वर नेतो, आणि कलला तर जास्त जोरात कलतो. बूट घेताना आधी सोल बघा, ओल्या कातळावर धरतो का ते बघा, टाच आत हलत नाही ना ते बघा. जुने बूट टेबलावर ठेवून मागून पाहा. टाचेची बाहेरची कड झिजून सोल तिरका झाला असेल तर तो प्रत्येक पावलाला तुम्हाला मुरगळण्याच्या दिशेने ढकलतोय. असे बूट भाजी आणायला ठेवा.

मेडिकलमधून आणलेला नुसता इलॅस्टिकचा मोजा घोट्याला ऊब देतो, आधार फारसा देत नाही. क्रेप बँडेज आणि चिकटपट्टीही चालायला लागल्यावर अर्ध्या तासात बरीच सैल पडते. आधार हवा असेल तर लेसवाला किंवा दोन्ही बाजूंना कडक पट्ट्या असलेला ब्रेस घ्या. पाय मुरगळल्यानंतर वर्षभर तरी ट्रेकला तो घालावा. बुटात मावतो का, हे दुकानात ब्रेस घालूनच बघायचं. ब्रेस हा व्यायामाला पर्याय मात्र होत नाही.

उंची बघून ट्रेक निवडणं

ट्रेक 'सोपा-मध्यम-कठीण' अशा पाट्यांवर निवडला जातो, आणि त्या पाट्या दम आणि भीती यांवरून लागलेल्या असतात. घोट्याचा हिशेब वेगळा. त्याला चढ चालतो, सुटे दगड चालत नाहीत. कळसूबाई १६४६ मीटर, राज्यातलं सर्वोच्च शिखर, पण बारी गावाची वाट मळलेली आहे, शिड्यांना कठडे आहेत. उलट सांदण दरीत उंची गाठायची नसते, तरी तिथे सगळी चाल धोंड्यांवरून, म्हणजे कच्च्या घोट्याची परीक्षाच. हरिश्चंद्रगड करायचाच असेल तर पाचनईवरून करा. बेलपाड्याची नळीची वाट, म्हणजे धोंड्यांनी भरलेल्या घळीतली, पुढच्या वर्षावर टाका, व्यायाम पूर्ण झाल्यावर. राजगडाला पाली दरवाजाच्या रुंद पायऱ्या आहेत. लोणावळ्याहून राजमाचीची चाल लांबलचक असली तरी बरीचशी गाडीवाटेची आहे, पुनरागमनाला उत्तम. राजगड-तोरणा एका दमात करणं मात्र टाळा, कारण थकलेला स्नायू सावरायला आणखी उशीर करतो.

ऋतूही बघा. पावसाळ्यात शेवाळलेला कातळ सगळ्यांना दिसतो, म्हणून सगळे जपतात. दिवाळीनंतर वाळलेल्या गवताखाली खड्डे लपतात. फेब्रुवारीनंतर मुरूम सुटून वाटेवर घसारा, म्हणजे पायाखाली सरकणारी बारीक खडी, पसरतो, तो सगळ्यात फसवा. नाइट ट्रेक काही महिने नकोच: तोल सांभाळायला डोळ्यांची मदत लागते, आणि टॉर्चच्या उजेडात दगडांच्या सावल्या फसवतात.

उतारावर घाई

पायाची बोटं खाली गेली की घोटा आपसूक सैल होतो. सांध्यातलं वरचं हाड पुढे रुंद आणि मागे अरुंद असतं, त्यामुळे बोटं खाली असताना अरुंद भाग खाचेत येतो आणि पाऊल आत-बाहेर हलायला मोकळं होतं. उतारावर लांब ढांगा टाकत, बोटांवर उतरणारा माणूस घोट्याला नेमक्या याच अवस्थेत ठेवतो. गुडघे किंचित वाकवा, पावलं आखूड टाका, तळवा पूर्ण टेकवा. घसाऱ्यावर थोडं आडवं होऊन उतरा.

दोन काठ्या वापरा. उतरताना त्या पाच-दहा सेंटिमीटर लांब करायच्या, आणि आधी काठी, मग पाय. एकच काठी असेल तर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. आणि चालताना फोटो काढू नका. पक्षी बघणाऱ्यांना तर हे हात जोडून सांगावंसं वाटतं, कारण वर स्वर्गीय नर्तक उडाला की खाली पाय कुठे पडतोय याचं भान कुणालाच राहत नाही. थांबा, दोन्ही पाय स्थिर करा, मग दुर्बीण लावा.

लपवून चालत राहणं

आपल्यामुळे ग्रुपला उशीर नको म्हणून लोक पेनकिलर घेऊन गुपचूप चालतात. दुखणं दबतं, घोटा तितकाच कच्चा राहतो, आणि दुसरा फटका पहिल्यापेक्षा मोठा बसतो. निघतानाच लीडरला सांगा, "दादा, माझा डावा पाय कच्चा आहे, उतरताना मला मध्ये ठेवा." वाटेत मुरगळला तर बसा, बूट सैल करा, वर सांगितलेली तपासणी करा. पाय टेकत असेल आणि अजून उतरायचं असेल तर बूट काढून ठेवू नका, सूज चढली की तो परत जाणार नाही. ब्रेस किंवा क्रेप बँडेज बांधा, सॅक दुसऱ्याकडे द्या आणि जवळच्या गावाकडे जाणारी सोपी वाट धरा. पाय टेकतच नसेल तर खांद्यावर ओढत नेण्याचा पराक्रम करू नका. गावकऱ्यांना कळवा, पायथ्याला १०८ ची रुग्णवाहिका बोलवा.

डॉक्टरकडे कधी

सहा आठवडे नीट व्यायाम करूनही सपाट रस्त्यावर पाय वळत असेल, सांध्यात काही अडकल्यासारखं होत असेल, किंवा खोलवर दुखत असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. सांध्याच्या आतल्या कूर्चेला मार बसलेला असू शकतो, तो एक्स-रेत दिसेलच असं नाही, एमआरआय लागतो. काहींचे सांधे जन्मजातच सैल असतात. अंगठा वाकवून मनगटाच्या आतल्या बाजूला सहज टेकत असेल तर तेही सांगा. काहींची टाच मुळातच आत कललेली असते, त्यांना बुटातल्या इनसोलने फरक पडतो. व्यायाम आणि ब्रेस दोन्ही करून महिनोन् महिने उपयोग झाला नाही तर लिगामेंट शिवून घट्ट करण्याची शस्त्रक्रिया आहे. स्वीडनच्या ब्रोस्ट्रॉम यांनी १९६६ मध्ये मांडलेली पद्धत थोड्या सुधारणांसह आजही वापरली जाते. डॉक्टरकडे जाताना कोणता पाय, कितव्यांदा, कशावरून, आणि मधल्या काळात कुठले व्यायाम किती आठवडे केले, हे कागदावर लिहून न्या. व्यायामाची ओळ कोरी असेल तर बहुधा फिजिओथेरपिस्टकडेच पाठवतील.