आकाशदर्शनाच्या रात्री दुर्बिणीपाशी उभं राहणाऱ्यांसाठी

कॉलेजच्या वेधशाळेत स्वयंसेवक म्हणून नाव दिलंय, म्हणजे मृग, व्याध, रोहिणी ओळखता येतात असं धरतो. रात्र शुक्ल अष्टमीच्या आसपासची निवडायची हेही माहीत असेल. पौर्णिमेला सावल्या नसल्याने चंद्रावरची विवरं सपाट वाटतात.

रांगेबद्दल मात्र कुणीच सांगत नाही. डोळा लावून लोक "हो हो, दिसलं" म्हणतात आणि पुढे सरकतात. त्यातल्या कित्येकांना काहीही दिसलेलं नसतं. मागे माणसं खोळंबलेली, विचारायचा संकोच. मला हे कळलं एका आजींमुळे. "बाळा, सगळं काळंच दिसायचं असतं का रे?" तोवर अर्धी रांग घरी गेली होती. अजून टोचतं ते.

कारण साधं आहे. आकाश तासाला १५ अंश सरकतं. १२०० मिमी नाभीय अंतराच्या ८ इंची डॉब्सोनियनला (हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण) १० मिमीची नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचं भिंग, लावली की वर्धन १२० पट होतं, पण दिसतं जेमतेम अर्धा अंश आकाश. मधोमध ठेवलेला गुरू मिनिटभरात बाहेर! चष्मा काढून, वाकून, डोळा जुळवेपर्यंत तेवढा वेळ जातोच. म्हणून २५ मिमीचीच नेत्रिका लावा. ४८ पटीतही गुरूचे चंद्र स्वच्छ दिसतात. गुरू ज्या कडेकडे सरकतोय तिच्या समोरच्या कडेला ठेवा, म्हणजे तो पूर्ण क्षेत्र ओलांडेल. दर दोन माणसांनंतर स्वतः बघा. बघा म्हणजे बघाच. आणि "दिसलं का?" विचारू नका, "गुरूच्या कुठल्या बाजूला किती ठिपके आहेत?" असं विचारा.

ॲपवर विसंबणारे स्वयंसेवक मला पटत नाहीत. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, एका पांढऱ्या स्क्रीनने ती सगळ्यांची वाया जातात. टॉर्चला लाल जिलेटिन लावा, तारे नुसत्या डोळ्यांनी शोधा. शिकायचं तर भाषणं देणाऱ्यांपेक्षा आरसा जुळवणाऱ्या लॅब असिस्टंटकडून शिका. माझं खरं शिक्षण तिथेच झालं.

प्रश्नांना घाबरू नका. "माहीत नाही, शोधून सांगतो" एवढं लहान मुलांना पुरतं. त्यांच्यासाठी स्टूल मात्र आठवणीने ठेवा, आणि हात पाठीमागे बांधून बघायला सांगा, नाहीतर ती नळीलाच लोंबकळतात.