बाकीचा रकाना उतरत्या क्रमाने

देवगडात आमच्या काकांची हापूसची कलमं आहेत. मार्च ते मे पेट्या जातात, पैसे मात्र पावसापर्यंत येत राहतात. गेल्या हंगामात मी त्यांना हिशेबाचं वेबपान करून दिलं: गिऱ्हाईक, तारीख, पेट्या, बाकी. काकांनी 'बाकी'वर एकदा बोट ठेवलं, वर सगळी शून्यं आली. "सगळ्यांचे पैशे इले!" म्हणाले, आणि फोन ठेवून दिला. पुन्हा दाबलं की मोठी बाकी वर येते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते ठाऊक असायची गरजच पडू नये. पैशाच्या रकान्यात पहिल्या टॅपलाच मोठा आकडा वर हवा.

मी डेटाटेबल्स वापरते, म्हणजे वेबपानावरच्या तक्त्याला क्रम लावून देणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी. त्यात पहिला टॅप चढता क्रम लावतो, दुसरा उतरता. २०२४ साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत तिसरा टॅप क्रम काढूनच टाकतो. तक्ता सुरू करताना रकान्यांसाठी जो 'कॉलमडेफ्स' (columnDefs) पर्याय देतात, त्यात 'टार्गेट्स'ला (targets) रकान्याचा क्रमांक द्या. मोजणी शून्यापासून, म्हणून आमची बाकी ३. मग तिथेच 'ऑर्डरसीक्वेन्स'मध्ये (orderSequence) आधी 'डीईएससी' (desc, उतरता), नंतर 'एएससी' (asc, चढता) लिहा, तिसरं काही नको. तारखेलाही हेच करा, ताजी पेटी वर दिसते. नावाला चढता क्रमच बरा. पान उघडताना कुठला रकाना कसा लागावा ते मात्र 'ऑर्डर' (order) या वेगळ्या पर्यायात सांगावं लागतं.

एवढं करूनही माझ्या तक्त्यातली साडेबारा हजारांची बाकी साडेनऊशेच्या खाली गेली. मी आकडे मराठीत लिहिले होते. ते यंत्राला मजकूर वाटतात, मग पहिल्या अक्षरावरून तुलना होते आणि ९ हा १ पेक्षा मोठा ठरतो. मराठी आकडे काढू नका, काकांना तेच वाचता येतात. त्या चौकटीच्या एचटीएमएल टॅगला 'डेटा-ऑर्डर' (data-order) जोडा आणि त्यात तीच रक्कम इंग्रजी अंकांत, स्वल्पविराम न देता लिहा. तारखेसाठी तिथे वर्ष, महिना, दिवस याच क्रमाने लिहा. चौकटीत '१४ एप्रिल' असं काहीही दिसू दे, क्रम बरोबर लागतो.

तक्त्याची स्थिती लक्षात ठेवणारा 'स्टेटसेव्ह' (stateSave) पर्याय चालू असेल तर ब्राउझर जुना क्रम आपोआप दोन तास धरून ठेवतो. 'ऑर्डर' बदलूनही काकांच्या फोनवर जुनंच दिसत होतं, ते यामुळे. ती साठवलेली स्थिती पुसणारं 'स्टेट'चं 'क्लिअर' (state.clear()) एकदा चालवून पान पुन्हा उघडलं, तेव्हा मुंबईच्या गिऱ्हाइकाची बाकी सगळ्यात वर आली.