घरच्या घरी सँडब्लास्टिंग करताय? या चुका टाळा

जून लागला की मला एकाच प्रकारचे फोन सुरू होतात. कोणाच्या आजोबांची फियाट, कोणाच्या मामाची विलीज जीप, नाहीतर पोर्तुगीज अमदानीत आलेली आणि फणसाखाली वर्षानुवर्षं उभी राहिलेली एखादी ओपेल. गाडी गणेश चवथीच्या आधी रस्त्यावर आणायची असते. गंज आणि जुना रंग काढायला दाबाच्या हवेने पत्र्यावर बारीक कठीण कण मारणारी ब्लास्टिंगची गन ऑनलाइन मागवून झालेली असते. आणि प्रश्न ठरलेला : "दादा, गन आली, पण नुसती फुसफुसते. काय चुकलं?"

चुकलेलं असतं ते गन मागवण्याआधीच. गोव्यात फोंड्याच्या बाजूला मी बरीच वर्षं जुन्या गाड्या उघडतोय आणि त्याच त्या चार चुकांनी चांगले पत्रे वाया गेलेले बघतोय. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहितो.

आधी हवेचा हिशेब

ब्लास्टिंगचं काम करते ती हवा. गन नुसती वाट दाखवते. त्यामुळे पैसे घालायचे ते कॉम्प्रेसरमध्ये. ३ मिमी तोंडाच्या नोझलला (गनच्या टोकाच्या नळीला) ८० पीएसआय दाबावर साधारण १५ सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा सतत लागते. टायरवाल्याकडे असतो तसा २ एचपीचा कॉम्प्रेसर प्रत्यक्षात ६-७ सीएफएम देतो. टाकी मोठी घेतली तर मिनिटभर जास्त चालतं, मग दाब पडतो आणि तुम्ही पुन्हा मीटरकडे बघत उभे.

दुकानदार जो आकडा सांगतो तो बहुतेक वेळा डिस्प्लेसमेंटचा असतो, म्हणजे पिस्टनने कागदावर ओढलेल्या हवेचा. एफएडी, म्हणजे फ्री एअर डिलिव्हरी, किती ते विचारा. ती हवा खरोखर बाहेर येते आणि ती नेहमी कमीच असते. घरी सिंगल फेज असेल तर ३ एचपीवर समाधान माना आणि नोझल २ मिमीचं लावा. त्याला ७ सीएफएमच्या आसपास पुरते. काम हळू होईल, पण होईल. ब्रॅकेट, बिजागऱ्या, सस्पेन्शनचे आर्म, चाकांच्या रिम असल्या कामाला एवढं भरपूर झालं. अख्खी चॅसिस घरी करायची असेल तर थ्री फेज आणि ५ एचपीच्या खाली बोलू नका.

नोझल झिजतं हेही बरेच जण विसरतात. ३ मिमीचं तोंड झिजून साडेचार झालं की हवा सव्वादोन पट लागते. "कॉम्प्रेसर म्हातारा झाला" म्हणून मेकॅनिककडे नेलेले तीन कॉम्प्रेसर मी नवीन नोझल घालून परत पाठवलेत. सिरॅमिक नोझल स्वस्त असतं, म्हणून एकदम पाच-सहा घेऊन ठेवा. मी ड्रिलची मागची गुळगुळीत बाजू घालून बघतो. साडेतीनचं ड्रिल सहज आत गेलं की नोझल फेकायचं.

कण डब्यातून ओढून घेणारी सक्शन गन घ्यायची की कण दाबाने ढकलणारा प्रेशर पॉट? हवा पुरेशी असेल तर पॉट. त्याच हवेत काम तीन-चार पट लवकर उरकतं. मात्र पॉट म्हणजे दाबाची टाकी आहे. सेफ्टी व्हॉल्व्ह नसलेला, वेल्डिंग करून घरी बनवलेला पॉट माझ्या शेडमध्ये मी येऊ देत नाही. झाकण उघडण्याआधी मीटर शून्यावर आलेला डोळ्यांनी बघायचा.

पाणी

आता गोव्यातली सगळ्यात मोठी चूक. बाहेरगावचे व्हिडिओ बघून शिकलेल्यांना हे कोणी सांगतच नाही, कारण ते व्हिडिओ कोरड्या प्रदेशात काढलेले असतात.

आपल्याकडची हवा पाण्याने भरलेली असते. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता धरली तर एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम वाफ असते. १५ सीएफएमचा कॉम्प्रेसर तासाला अशी २५ घनमीटर हवा ओढतो. ती दाबली आणि थंड झाली की त्यातली बहुतेक वाफ पाणी होऊन बसते. तासाला जवळजवळ अर्धा लिटर! हे पाणी पॉटमध्ये गेलं की ग्रिट (मारायचे कण) ओला होतो, त्याचे गोळे होतात आणि नोझल तुंबतं. नोझलमधून बाहेर पडलंच, तर तुम्ही नुकत्याच उघड्या केलेल्या लोखंडावर जाऊन बसतं.

मॉइश्चर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारा फिल्टर) लावूनही पाणी येतं अशी तक्रार करणाऱ्यांनी ट्रॅप कुठे लावलाय ते बघावं. शंभरात नव्वद जणांनी तो थेट कॉम्प्रेसरच्या तोंडाला लावलेला असतो. तिथे हवा गरम असते, पाणी अजून वाफेतच असतं. ट्रॅपमधून ती सरळ निघून जाते आणि पुढे पाइपमध्ये गार होऊन पाणी बनते. माझी पद्धत अशी : कॉम्प्रेसरपासून आठ-दहा मीटर जीआय पाइप भिंतीवरून फिरवायचा, त्याला थोडा उतार द्यायचा, प्रत्येक खालच्या टोकाला ड्रेन कॉक, आणि ट्रॅप अगदी शेवटी, गनच्या होजच्या आधी. टाकीचा ड्रेन मी दर अर्ध्या तासाने उघडतो. काम रंगात आलं असलं तरी उघडतो.

हे मी शिकलो ते माझ्या पहिल्या जीपच्या चॅसिसवर. जुलै महिना होता. दोन दिवस पाऊस उघडला होता, म्हणून मी सकाळी काम सुरू केलं आणि एकपर्यंत पुढचा अर्धा भाग स्वच्छ राखाडी करून टाकला. जेवायला घरी गेलो. सोलकढी, मासळी, थोडा आडवा झालो. साडेतीनला परत आलो तर चॅसिसवर हळद शिंपडल्यासारखा रंग. जिथे मी हाताने धरलं होतं तिथे माझी बोटं उठलेली, पाचही, ठसे दिसावेत इतकी स्पष्ट. सगळा भाग पुन्हा मारावा लागला.

ब्लास्ट केलेल्या लोखंडाला संरक्षण काहीच नसतं, आणि खरबरीत झाल्यामुळे हवेला भिडणारा भाग वाढलेला असतो. रंगाऱ्यांचा जुना नियम आहे, की पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसते त्यापेक्षा, किमान ३ अंश वर हवं. जुलैत हवा २७ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असली तर दवबिंदू २५ च्या वर जातो. दोन अंशांचाही फरक राहत नाही. जानेवारीच्या दुपारी हवा ३२ अंश आणि आर्द्रता निम्म्यावर असली की दवबिंदू २० च्या आसपास, मग बिनधास्त काम करा. म्हणून चवथीला गाडी हवी असेल तर ब्लास्टिंग डिसेंबर ते मार्चमध्ये उरका. जूनमध्ये आलेल्या माणसाला मी पुढच्या चवथीचं बोलतो. काही रागावतात. रागावू देत.

सकाळी जेवढं मारलं तेवढ्यावर जेवणाआधी दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर पडलाच पाहिजे. मधे हात लावायचा तर स्वच्छ हातमोजे घालून. साधा लाल ऑक्साइड मारून "मग बघू" म्हणणाऱ्यांची गाडी वर्षात फोड घेऊन परत येते.

कळंगुट, कोलवा, मोरजी अशा किनाऱ्याजवळच्या गाड्यांना एक काम जास्त असतं. गंजाच्या खड्ड्यांत मीठ बसलेलं असतं आणि ते नुसत्या ब्लास्टिंगने निघत नाही. एकदा मारा, गोड्या पाण्याने धुवा, फुंकून कोरडं करा, पुन्हा हलकं मारा. काळे ठिपके परत उठले तर मीठ अजून आत आहे असं समजायचं.

बोनेट

डिचोलीचा एक मुलगा वडिलांची प्रीमियर पद्मिनी करत होता. पोरगा कष्टाळू, सगळं स्वतः शिकलेला. पावसाच्या आत काम संपवायचं म्हणून त्याने बोनेट, छप्पर आणि चारही दरवाजे बार्ज (मालवाहू नाव) दुरुस्तीच्या यार्डातल्या ब्लास्टिंगवाल्याकडे नेऊन दिले. तो माणूस आपल्या कामात तरबेज, पण त्याचा हात बसलेला बार्जच्या ६-८ मिमी पत्र्यावर. मोठं नोझल, १०० पीएसआय, सरळ समोरून. वीस मिनिटांत पांढरंशुभ्र काम करून दिलं.

मुलगा बोनेट घेऊन माझ्याकडे आला तेव्हा खूश होता. मी मधोमध अंगठा दाबला. टप् करून पत्रा आत गेला, अंगठा काढला तर टप् करून बाहेर. मधला भाग उशीसारखा फुगला होता. छप्पराची गत तीच. मुलगा काही बोलला नाही, नुसता हात फिरवत राहिला.

लोक समजतात की पत्रा उष्णतेने वाकतो. ब्लास्ट करताना पत्र्याला हात लावून बघा, फारसा तापत नाही. प्रत्येक कण म्हणजे एक बारीक हातोडी. एका बाजूवर लाखो हातोड्या पडल्या की ती बाजू ताणली जाते आणि पत्रा मारलेल्या बाजूला फुगतो. गाडीच्या बाहेरच्या पत्र्याची जाडी मिलिमीटरच्या आतली. त्याला काय तो मार सोसणार? दरवाजे आमच्या टिंकरिंगच्या मेस्ताने (मिस्त्रीने) आठ दिवस तापवून, थंड करून, ठोकून बरेच जागेवर आणले. बोनेटच्या आतल्या पट्ट्यांमुळे हात पोचत नव्हता, ते गेलं ते गेलंच. पद्मिनी बंद होऊन वीस वर्षांवर झाली, दुसरं बोनेट शोधायला त्याला चार महिने लागले.

म्हणून सपाट मोठे पत्रे मी ब्लास्टच करत नाही. पेंट रिमूव्हर, खरवडणी आणि सँडर. वेळ लागतो, तो लागू द्यावा. ब्लास्टर फक्त कडा, कोपरे आणि बिजागरीच्या खाचांसाठी, तोही ३०-४० पीएसआयवर, बारीक ग्रिट, हातभर अंतर, तिरकं धरून आणि एका जागी न थांबता. बाहेर काम देत असाल तर हे आकडे कागदावर लिहून द्या आणि पहिला पत्रा होईपर्यंत तिथेच उभे राहा.

समुद्राची वाळू

"वाळू तर फुकट आहे" हे वाक्य मी ऐकलं की काम थांबवतो. किनाऱ्यावरून वाळू उचलणं सीआरझेडच्या (किनारी नियमन क्षेत्राच्या) नियमात बसत नाही, आणि त्या वाळूतलं मीठ तुम्ही स्वतःच्या हाताने लोखंडात ठोकता. पण खरं कारण छातीचं आहे. वाळूतला सिलिका फुटून इतका बारीक होतो की फुप्फुसात जाऊन बसतो. त्यातून होणारा सिलिकोसिस हा आजार बरा होत नाही. ब्रिटनने १९४९ च्या नियमांनीच ब्लास्टिंगसाठी सिलिका वाळू बंद केली. आपल्या १९४८ च्या फॅक्टरी कायद्यातही हा आजार कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत होता. नदीची वाळू धुऊन घेतली तरी सिलिका तोच.

गार्नेट किंवा तपकिरी अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड घ्या, ८० ते १२० मेश (कणांच्या बारीकपणाचं माप). ऑक्साइड चाळून कितीतरी वेळा वापरता येतो, त्यामुळे शेवटी महाग पडत नाही. तरीही तोंडाला रुमाल बांधून उभं राहायचं नाही. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्याची धूळही उडते. बंद कॅबिनेट घ्या, आणि उघड्यावर मारायचंच तर डोकं झाकणारा, बाहेरून हवा पुरवणारा हूड हवा. शेजाऱ्याची विहीर आणि वाळत घातलेले कपडे कुठल्या बाजूला आहेत ते आधी बघा.

उरलेलं थोडक्यात. ग्रीस पुसल्याशिवाय ब्लास्ट करू नका, ग्रीस आत ठोकलं जातं आणि ग्रिटही वाया जातो. अ‍ॅल्युमिनियमला ग्लास बीड (काचेचे बारीक मणी) वापरा, स्टील ग्रिट कधीच नाही. इंजिनचा ब्लॉक, इनटेक मॅनिफोल्ड, बेअरिंगची घरं यांच्या जवळ गन नेऊ नका. खाण्याचा सोडा रंग काढतो पण गंज काढत नाही, आणि नीट धुतला नाही तर नवा रंग धरत नाही. बारीक वायरचा लांब एक्स्टेन्शन लावून कॉम्प्रेसर चालवलात तर मोटर जळेल.

दरवाज्याखालच्या पोकळ पट्ट्यांत आणि चॅसिसच्या पेटीत ग्रिट साठतो. रबरी हातोडीने ठोकत, फुंकत, गाडी कलती करत तो काढायचा. मी तीन वेगवेगळ्या दिवशी काढतो, आणि तिसऱ्या दिवशीही मूठभर निघतो. राहिला तर ओल धरून आतून गंजवतो, नाहीतर रंगाच्या दिवशी हवेच्या झोताबरोबर बाहेर येऊन ओल्या रंगावर बसतो.

आणि चॅसिस नंबर. गन हातात घेण्याआधी नंबरावर जाड रबराचा तुकडा आणि वर कापडी टेप दोन थर लावा. त्या जागेचा गंज नंतर पितळी ब्रशने आणि रॉकेलने हाताने काढा. आरटीओत कागदावर पेन्सिलीचा ठसा उमटला नाही तर गाडी कितीही सुंदर केलेली असो, ती दारातच उभी राहते. मी टेप लावण्याआधी ठसा काढून गाडीच्या कागदांच्या पाकिटात ठेवतो.