क्वेंटिन ब्लेककडून काय घ्यावं : इलस्ट्रेशनमध्ये येऊ बघणाऱ्यांसाठी

"ताई, माझ्याकडे आर्टची डिग्री नाहीये, मी पुस्तकांसाठी चित्रं काढू शकते का?" हा प्रश्न मला महिन्यातून दोनतीनदा तरी येतो आणि दर वेळी मी एकच नाव सांगते, क्वेंटिन ब्लेक. मुलांसाठी लिहिणारा ब्रिटिश लेखक रोआल्ड डाल, त्याच्या पुस्तकांतली ती झरझर ओढल्यासारखी, केस पिंजारलेली, हातपाय हवेत असलेली माणसं ज्याची, तो. मी चौदा वर्षं मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढतेय आणि अडले की अजूनही त्याचीच पानं उघडून बसते.

जन्म १९३२चा, लंडनजवळच्या सिडकपचा. शाळेत लॅटिन शिकवणाऱ्या बाईंचा नवरा व्यंगचित्रकार होता, त्याने या पोराला 'पंच' या विनोदी साप्ताहिकाची वाट दाखवली आणि सोळाव्या वर्षी याचं चित्र तिथे छापून आलं! एवढं झाल्यावर कोणीही सरळ आर्ट स्कूल गाठलं असतं, पण हा केंब्रिजला इंग्रजी साहित्य शिकायला गेला आणि नंतर लंडनला शिक्षक व्हायचं ट्रेनिंग घेतलं. चित्रकलेचं शिक्षण म्हणाल तर चेल्सीच्या आर्ट स्कूलमध्ये पार्टटाइम लाइफ क्लास (समोरच्या माणसाला बघून चित्र काढायचा वर्ग), आणि तिथे ब्रायन रॉब म्हणून शिक्षक होते त्यांना आपलं काम नेऊन दाखवायचं, एवढंच. तर डिग्रीचं टेन्शन सोडा पण काम दाखवायला एक जाणतं माणूस मात्र शोधाच, नुसते लाइक्स मोजून हात सुधारत नाही.

साहित्य शिकल्याचा फायदा त्याच्या चित्रांत दिसतो असं मला ठामपणे वाटतं. गोष्टीत 'राजाला भयंकर राग आला' असं वाक्य आलं की नवीन मुलं लगेच लालबुंद राजा काढतात. अरे, पण ते तर लेखकाने सांगूनच टाकलंय ना! त्याच्या आधीचा क्षण काढा, किंवा ताट घेऊन दारातच थबकलेला नोकर काढा. स्क्रिप्ट हातात आली की पेन्सिल बाजूला ठेवून तीन वेळा वाचा, मी अजूनही तसंच करते. ब्लेकचं १९९५चं 'क्लाउन' बघा, त्यात एकही शब्द नाही, कचऱ्यात टाकलेल्या एका बाहुल्याची पूर्ण गोष्ट फक्त हातवारे आणि पाठीच्या बाकावरून कळते.

दुसरी गोष्ट पैशांची आणि वेळेची. त्याने चित्रं काढलेलं मुलांचं पहिलं पुस्तक १९६०ला आलं, आणि डालबरोबरचं पहिलं १९७८ला, तेव्हा तो पंचेचाळीस वर्षांचा होता. मधल्या काळात ढीगभर कामं केलीच, शिवाय रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकवत होता, आणि पुढे १९७८ ते १९८६ तर तिथल्या इलस्ट्रेशन विभागाचा प्रमुखच होता. म्हणजे 'मी फक्त चित्रांवर जगत नाही, क्लासेस घेते' यात कमीपणा वाटून घ्यायचं काहीच कारण नाही.

आता 'बीएफजी'चा, म्हणजे डालच्या त्या भल्या राक्षसाच्या पुस्तकाचा किस्सा, हा मी प्रत्येक वर्कशॉपमध्ये सांगते. प्रकाशकाला सुरुवातीला फक्त बारा चित्रं हवी होती. डालला ती फारच कमी वाटली, मग ब्लेकला नव्याने पुष्कळ चित्रं काढावी लागली. मजकुरात त्या राक्षसाला आधी एप्रन आणि गुडघ्यापर्यंतचे बूट होते, पण चित्रात तो एप्रन मध्ये मध्ये यायला लागला तेव्हा डालने चक्क मजकूरच बदलला. आणि पायात काय घालायचं ते ठरेना, तर एक दिवस ब्लेककडे पोस्टाने ब्राउन पेपरमधलं पार्सल आलं आणि त्यात डालची स्वतःची वापरातली भलीमोठी सँडल! पुस्तकातल्या राक्षसाच्या पायात तीच आहे. लेखकाशी असं बोलणं झालं पाहिजे हो, आपल्याकडे बऱ्याचदा लेखक आणि चित्रकाराची भेटसुद्धा होत नाही. मात्र 'आणखी थोडी चित्रं'वाल्या बाबतीत सांभाळा, एकदा मला अकरा चित्रांचं काम सांगून शेवटी सव्वीस काढून घेतली आणि पैसे अकराचेच दिले. चित्रं किती, दुरुस्त्या किती वेळा, ओरिजिनल कोणाकडे राहणार, हे सगळं काम सुरू व्हायच्या आधी मेलवर लिहून घ्या.

आणि ती झरझर रेघ? ती झरझर नाहीये. तो आधी रफ काढतो, तो कागद लाइटबॉक्सवर (खालून उजेड येणाऱ्या काचेच्या पेटीवर) ठेवतो, त्यावर जाड वॉटरकलर पेपर, आणि मग टाकाने काळ्या वॉटरप्रूफ शाईत काढतो (वॉटरप्रूफच घ्या, नाहीतर वरून रंग लावला की सगळं फिसकटतं). खालचं रफ त्याला फार स्पष्ट दिसायला नको असतं, कारण दिसलं की हात गिरवायला लागतो आणि रेघ मरते. सुरुवात सगळ्यात अवघड जागेपासून, म्हणजे बिघडलंच तर लगेच नवीन कागद घेता येतो.

हे वाचलं तेव्हा माझ्याकडे एका पुस्तकाचं काम होतं, त्यात आजी मेथी निवडतेय असं चित्र होतं. मी दर वेळी चेहरा छान रंगवून पूर्ण करायचे आणि मग पान खुडणारा अंगठा आणि बोट बिघडायचं, बिघडलं की चेहऱ्याच्या मोहापायी तोच हात दुरुस्त करत बसायचे आणि कागद खरवडून निघायचा. लाइटबॉक्स नव्हता, म्हणून पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर टेबलाची काच ठेवली, खाली ट्यूब लावली आणि सुरुवातच अंगठ्यापासून केली. सहा कागद गेले. सातव्यावर देठ मोडताना जसं बोट वाकतं ना, अगदी तसं आलं, मग चेहऱ्याला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. तेच चित्र पुस्तकात छापलंय. वाया गेलेले सहाही कागद मी जपून ठेवलेत, वर्कशॉपला बरोबर आणते, आलात तर नक्की मागून बघा.